थोडं पाहू, पुन्हा येऊ : मुलांना घेऊन कमी खर्चात कला पाहायला जाताना

मुलीला पहिल्यांदा मोठ्या संग्रहालयात नेलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिकीट महाग, प्रवास लांबचा, म्हणून ठरवूनच गेलो होतो की सगळं पाहायचं. दोन मजले, सतरा दालनं. सातव्या दालनात ती फरशीवर बसली आणि उठेना. मी तिला कडेवर घेतलं आणि उरलेली दहा दालनं, ती खांद्यावर झोपलेली असताना, एकटीनेच पाहिली. पैसे वसूल झाले असं त्या दिवशी मला खरंच वाटलं होतं. त्यानंतर वर्षभर संग्रहालयाचं नाव काढलं की ती आधीच सांगायची, "माझे पाय दुखतात."

मुलांसोबतच्या सहलीत सगळ्यात जास्त नुकसान करतो तो हा वसुलीचा विचार. मोठी माणसंही संग्रहालयात थकतात. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिल्मन यांनी १९१६ साली या थकव्यावर लेख लिहिला होता. पेटीतल्या वस्तू नीट पाहायच्या तर माणसाला किती वाकावं, वळावं, मान वेळावावी लागते, हे त्यांनी छायाचित्रं काढून दाखवलं. वाकणारा माणूस मोठा होता. जिची मान पेटीच्या काचेपर्यंतही पोचत नाही, त्या मुलीचं काय होत असेल?

तेव्हापासून आमच्या घरात पद्धत बदलली. जवळची जागा, थोडा वेळ, एक-दोनच गोष्टी, आणि पुन्हा पुन्हा जाणं. मुलांना हेच मानवतं आणि खर्चही यातच कमी होतो. पुढे जे लिहिलंय ते याच पद्धतीबद्दल आहे, घरातल्या हिशेबापासून परत आल्यानंतरच्या वहीपर्यंत.

१. आधी मागचा हिशेब मांडा

सहल परवडत नाही असं म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर तिकीट असतं. एकदा मागच्या सहलीचा खर्च कागदावर लिहून पाहा. तिकिटं, जाणं-येणं, बाहेरचं खाणं, आणि निघताना तिथल्या दुकानात झालेली खरेदी. चार आकडे शेजारी मांडले की पुष्कळदा तिकिटापेक्षा बाकीचे तीन मिळून मोठे निघतात, आणि ते तिन्ही आपल्या हातातले असतात.

खाण्याचं सोपं आहे. डबा आणि पाणी घरून न्यायचं. दालनांत खाऊ देत नाहीत, म्हणून आत जाण्याआधीच बाहेरच्या बाकावर डबा उघडायचा. भुकेलं मूल आत नेणं म्हणजे तिकीट वाया घालवणंच. प्रवासासाठी मी एक करते. त्या भागात दुसऱ्या कामासाठी जायचंच असेल, कुणाला भेटायचं असेल, तर त्याला जोडून पाऊण तास काढते. निव्वळ संग्रहालयासाठी दोन तास प्रवास केला की पुन्हा वसुलीचा विचार डोकं वर काढतो.

दर सहलीचा वेगळा खर्च ठरवण्यापेक्षा वर्षाची एक रक्कम बाजूला ठेवा. त्यातला थोडा भाग फुकट ठिकाणी जाण्या-येण्याचा, थोडा एखाद्या वार्षिक पासाचा, आणि उरलेला सगळा वर्षातून एका चांगल्या प्रयोगासाठी. पैसे मोजायचेच असतील तर जिवंत प्रयोगासाठी मोजा, असं माझं स्पष्ट मत आहे. चित्र उद्याही तिथेच असतं, एखाद्या विनामूल्य दिवशी पाहता येतं. आज रात्रीचा प्रयोग आज रात्रीच.

वार्षिक पास घ्यावा का, याचा हिशेब एका भागाकाराचा आहे. पासाच्या किमतीला घरातल्या सगळ्यांच्या एका भेटीच्या तिकिटांनी भागा. मुलांना तिथे एरवीही फुकट सोडत असतील तर त्यांना यात धरू नका. उत्तर तीन आलं तर चौथ्या भेटीपासून तुम्ही फायद्यात. मग मनाशी खरं खरं विचारा, चार वेळा जाणं होईल का? घरापासून तासाभराच्या पलीकडे असलेल्या जागेचं उत्तर आमच्याकडे तरी दरवेळी "नाही" असंच आलं. जवळच्या जागेचा पास मात्र घेतला, आणि पैशांपेक्षा त्याचा दुसराच उपयोग झाला. वीस मिनिटांत मूल कंटाळलं तर निघताना जीव खालीवर होत नाही. पास घेताना दोन गोष्टी विचारून घ्या. त्यावर आई-बाबांऐवजी आजी-आजोबा मुलांना घेऊन गेले तर चालतं का, आणि तात्पुरती विशेष प्रदर्शनं त्यात धरली आहेत का.

२. फुकट आणि सवलतीचे दरवाजे शोधा

संग्रहालय सर्वांसाठी खुलं आणि विनामूल्य असावं, ही कल्पना जुनी आहे. लंडनचं ब्रिटिश म्युझियम १७५९ साली उघडलं ते प्रवेशशुल्काशिवाय. ब्रिटनमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांचे कायमस्वरूपी संग्रह २००१ पासून सगळ्यांना मोफत पाहता येतात. वॉशिंग्टनमधल्या स्मिथसोनियन संग्रहालयांना तिकीट नाही. पॅरिसच्या लूव्रमध्ये आणि ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये १८ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत असतो. इटलीत सरकारी संग्रहालयं महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य असतात. अमेरिकेतली बरीच सार्वजनिक ग्रंथालयं पुस्तकांसारखेच संग्रहालयांचे पासही घरी नेऊ देतात.

ही नावं सांगितली ती सवलती कोणकोणत्या रूपात लपलेल्या असतात हे कळावं म्हणून. कुठल्याही संस्थेच्या संकेतस्थळावर गेलात की हेच शोधायचं. वयाची सवलत कुठवर आहे, विनामूल्य दिवस कोणता, बंद होण्याआधीच्या तासाला तिकीट कमी होतं का, कुटुंबाचं एकत्र तिकीट आहे का, विद्यार्थी किंवा शिक्षकाला सूट आहे का, अपंग मुलासोबत येणाऱ्याला सोडतात का. ग्रंथालयातही विचारा. हे नियम बदलत राहतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी संस्थेचं स्वतःचं पान उघडून खात्री करायची. प्रवेश मोफत असला तरी वेळ आधी राखून ठेवावी लागते अशाही जागा आहेत. मुलांना दारातून परत आणावं लागलं तर फार वाईट वाटतं.

वर्षातल्या काही तारखा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. २७ मार्चला जागतिक रंगभूमी दिन, १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन, २९ एप्रिलला आंतरराष्ट्रीय नृत्य दिन, १८ मेला आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. २१ जूनचा संगीत दिन फ्रान्समध्ये १९८२ साली सुरू झाला, तो मुळातच रस्त्यावर आणि चौकात विनामूल्य वाजवण्या-गाण्यासाठी. आता तो कितीतरी देशांत होतो. या दिवसांच्या आसपास अनेक संस्था दारं उघडतात, एरवी बंद असलेल्या खोल्या दाखवतात.

एक सावधगिरी. विनामूल्य दिवशी गर्दी असते आणि गर्दीत लहान मुलाला फक्त लोकांचे गुडघे दिसतात. मूल पाच वर्षांच्या आतलं असेल तर मी अशा दिवशी संग्रहालयात जात नाही. मोकळ्या जागेतले कार्यक्रम असतील तर मात्र जरूर जाते.

३. वेळ मुलाच्या वयाने ठरवा

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी वीस मिनिटं भरपूर. सहा-सात वर्षांचं मूल पाऊण तास रमतं. दहाच्या पुढचं मूल दीड तास टिकतं, पण मध्ये बसायला हवं. हे माझ्या दोन मुलांवरून बांधलेले आडाखे आहेत, तुमचं मूल वेगळं असेल. झोपेची वेळ मात्र कुणीही चुकवू नये. सकाळी दार उघडतं ती वेळ सर्वांत चांगली. मुलं ताजी असतात आणि दालनं रिकामी.

४. घरून एकच गोष्ट ठरवून निघा

काय पाहायचं ते मुलांनी निवडायचं, आपण फक्त दोन-तीन पर्याय समोर ठेवायचे. यासाठी आता पैसे लागत नाहीत. राइक्सम्युझियम आपल्या संग्रहातल्या कलाकृतींची मोठी, स्पष्ट चित्रं मोफत उतरवून घेऊ देतं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०१७ साली आपल्याकडच्या हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं सगळ्यांना वापरायला खुली केली. तुमच्या जवळच्या संग्रहालयानेही काही चित्रं ठेवली असतील, तर रात्री झोपताना मुलांसोबत पाच मिनिटं चाळा आणि विचारा, "यातलं खरं कुठलं पाहायचंय?" दुसऱ्या दिवशी मूल ओळखीच्या कुणाला भेटायला निघाल्यासारखं निघतं.

निवड करताना प्रसिद्धीला भुलू नका. लूव्रमधली मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद आहे, आणि तिच्यापुढे कायम गर्दी. त्याच दालनात तिच्या समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेने १५६३ साली पूर्ण केलेलं लग्नाच्या मेजवानीचं चित्र आहे. पावणेसात मीटर उंच, जवळजवळ दहा मीटर रुंद. त्यात वादक आहेत, कुत्री आहेत, पोपट आहे, एका कडेला मांजर आहे. लहान मूल सोबत असेल तर तिथे मोनालिसाकडे पाठ करून उभं राहणंच शहाणपणाचं. हे कुठल्याही संग्रहालयात लागू पडतं. मुलांना मोठं आवडतं, प्राणी आवडतात, गर्दीचं चित्र आवडतं, आणि ज्याच्या आत शिरता येईलसं वाटतं ते आवडतं. माझा धाकटा तीन वर्षांचा असल्यापासून एकाच वस्तूपाशी जातो. तळमजल्यावरच्या एका जुन्या लाकडी होडीपाशी. बाकी संग्रहालय त्याच्या लेखी नाहीच.

घराबाहेर पडणं जमणारच नसेल अशा दिवसासाठी एक चित्र सुचवते. ब्रूगेलने १५६० साली काढलेलं, मुलांच्या खेळांचं. ते व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात आहे, पण पडद्यावर मोठं करून पाहिलं तरी एक अख्खी दुपार पुरतं. दोनशेच्या वर मुलं आणि ऐंशीच्या आसपास खेळ. कुणी कडं पळवतंय, कुणी काठ्यांच्या पायांवर चालतंय, कुणी पिंपावर घोडा घोडा करतंय, एका बाजूला आंधळी कोशिंबीर चालू आहे. खाली डाव्या कोपऱ्यात दोघीजणी हाडांचे तुकडे उडवून झेलताहेत. सागरगोटे खेळलेल्या कुणालाही तो हात लगेच ओळखू येईल. मुलांना सांगा, तुम्हाला येत असलेले खेळ मोजा. मग न ओळखू येणारे मोजा. मग त्यातला एक खेळून पाहा.

५. चित्रापुढे : कमी बोला, खाली बसा

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे स्वच्छतागृह कुठे आहे ते पाहून ठेवणं. दुसरं, ठरवलेल्या गोष्टीकडे थेट जाणं. वाटेतलं बाकी सगळं येताना पाहू, राहिलं तर राहिलं.

चित्रं साधारण उभ्या मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर टांगलेली असतात. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून एक मीटरच्या आसपास असतात. तो चित्राजवळ गेला तर त्याला काचेवरची दिव्यांची चमक दिसते, चित्र दिसत नाही. उपाय सोपा आहे. चार-पाच पावलं मागे या आणि सगळेच जमिनीवर मांडी घालून बसा. बहुतेक ठिकाणी याला कुणी हरकत घेत नाही, वाट अडवली नाही म्हणजे झालं. आपणही खाली बसलो की मुलांना कळतं की आता घाई नाही.

शेजारची पाटी लगेच वाचू नका. पाटी वाचली की उत्तर मिळाल्यासारखं होतं आणि पाहणं थांबतं. ॲबिगेल हाउसेन आणि फिलिप येनविन या दोघांनी चित्रं पाहायला शिकवण्याची एक पद्धत बसवली, जी अनेक शाळांत आणि संग्रहालयांत वापरतात. तिचा गाभा तीन प्रश्नांचा आहे. या चित्रात काय चाललंय? तुला असं कशावरून वाटलं? अजून काय दिसतंय? इतकंच. मूल काहीही म्हणालं तरी "बरोबर" किंवा "चूक" म्हणायचं नाही. ते ज्याकडे बोट दाखवेल तिकडे पाहायचं आणि त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत बोलायचं. मधला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. "ही बाई रागावलीय" असं म्हणणारी मुलगी "कशावरून?" म्हटल्यावर परत चित्राकडे वळते आणि बाईची घट्ट मूठ तिला सापडते. ती मूठ मला दिसलेली नव्हती.

बोलायला न आवडणारं मूल असेल तर त्याच्या हातात कागद आणि पेन्सिल द्या. पेन नको. बऱ्याच दालनांत शाईला बंदी असते, आणि ते योग्यच आहे. अख्खं चित्र काढायला सांगू नका, एक कान, एक बूट, एक ढग पुरे. पाच मिनिटं बूट काढणाऱ्या मुलाने तो बूट जितका पाहिलेला असतो तितका आपण सहसा काहीच पाहत नाही.

"हात लावू नको" हे मुलांना दिवसभर ऐकावं लागतं, म्हणून इथे कारण सांगा. कारण सांगितलं की ती कडक राखणदार होतात. आपल्या त्वचेवर तेल, घाम आणि क्षार असतात, ते दगडावर, धातूवर, रंगावर बसतात आणि वर्षानुवर्षं हजारो हातांनी डाग पडतात, धातू गंजतो. जुने कागद आणि कापड ठेवलेली खोली इतकी अंधारी का, हेही सांगण्यासारखं आहे. प्रकाशाने रंग उडतात आणि उडालेला रंग कधी परत येत नाही, म्हणून अशा वस्तूंवर साधारण ५० लक्स (लक्स हे उजेड मोजण्याचं एकक) एवढाच उजेड ठेवतात. भर उन्हात तोच आकडा लाखाच्या घरात जातो. माझी मुलगी आता अंधाऱ्या खोलीत शिरताना आपणहून कुजबुजते. अशी कुठली तरी पेटी, प्रतिकृती किंवा टेबल असतंच जिथे हात लावायची परवानगी असते. तिथे मनसोक्त वेळ द्या.

आणि मुलं विचारणारच. हिच्या अंगावर कपडे का नाहीत, याचं डोकं कुठे गेलं, हा मेला का. खरं, थोडक्यात आणि नेहमीच्या आवाजात सांगावं. आपण चपापलो तर मूल चित्र विसरतं आणि आपलं चपापणं लक्षात ठेवतं.

६. नाटक, संगीत, नृत्य : इथे तयारी जास्त लागते

चित्रापुढून कधीही उठता येतं. प्रयोगाला वेळ ठरलेली, जागा ठरलेली, अंधार, आणि भोवती शांत बसलेले अनोळखी लोक. म्हणून सुरुवात उघड्यावरच्या कार्यक्रमांनी करा. बागेतलं वादन, चौकातलं बाहुलीनाट्य, रस्त्यावरचं नाटक. मूल उठलं, नाचलं, मध्येच निघालं तरी कुणाचं काही जात नाही.

दुसरी पायरी विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांची. संगीत, नृत्य, नाट्य शिकवणाऱ्या संस्थांत वर्षअखेरीचे कार्यक्रम होतात, ते पुष्कळदा विनामूल्य किंवा नाममात्र तिकिटाचे असतात. शिकणाऱ्यांचं वादन पाहणं मुलांना फार जवळचं वाटतं, कारण समोरची व्यक्ती त्यांच्याहून थोडीच मोठी असते. व्यावसायिक संस्थांत रंगीत तालमीला किंवा वाद्यवृंदाच्या सरावाला बसू देतात का, हे विचारून पाहा. मुलांसाठी तालीम प्रयोगापेक्षा उजवी असते असं मला वाटतं. तिथे थांबतात, चुकतात, तीच ओळ परत घेतात. हे इतकं सुंदर कसं होतं, ते तिथे समजतं. मोठ्या सभागृहांच्या दिवसाच्या मैफिलीही पाहा. बर्लिन फिलहार्मोनीच्या दर्शनी दालनात दुपारच्या विनामूल्य मैफिली होतात. असं काही अनेक ठिकाणी चालतं, पण त्याची जाहिरात कमी असते.

पैसे देऊन जाणार असाल तर जागेचा विचार करा. महागड्या मधल्या रांगेत मुलापुढे मोठं डोकं येतंच. बाल्कनीची पहिली रांग स्वस्त असते आणि समोर डोकं नसतं. कठडा मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो का, एवढं मात्र तिकीट खिडकीवर विचारून घ्या. काही सभागृहांत वाद्यवृंदाच्या मागेही खुर्च्या असतात. १९६३ साली उघडलेल्या बर्लिनच्या त्याच सभागृहात श्रोते वादकांच्या चहूबाजूंनी बसतात. मागच्या जागा साधारण स्वस्त असतात, आणि तिथून तालवाद्यं हाताशी दिसतात, संचालकाचा चेहरा दिसतो. मुलाला याहून चांगली जागा नाही. कुठेही बसलात तरी कडेची खुर्ची घ्या, म्हणजे निघावं लागलं तर चार लोकांना उठवावं लागत नाही.

गोष्ट आधी सांगून टाका, शेवटासकट. आपल्याला उत्सुकता राहावी असं वाटतं, पण लहान मुलाला पुढे काय होणार हे माहीत असलं की भीती जाते आणि ते निवांत पाहतं. दिवे विझणार आहेत, मोठा आवाज होणार आहे, तो राक्षस म्हणजे कपडे घातलेला माणूसच आहे, शेवटी सगळे टाळ्या वाजवणार आहेत, हे सगळं वाटेत सांगा. आवाज सहन न होणाऱ्या मुलासाठी कान झाकण्याची सोय सोबत असू द्या. अनेक देशांतली नाट्यगृहं अधूनमधून निवांत प्रयोग ठेवतात, त्यात दिवे पूर्ण विझवत नाहीत, आवाज कमी ठेवतात आणि उठून फिरायला मोकळीक असते. स्वमग्न मुलांसाठी ही सोय सुरू झाली असली तरी पहिल्यांदा येणाऱ्या कुठल्याही लहान मुलाला ती छान मानवते.

पाश्चात्त्य वाद्यवृंदाची ओळख करून द्यायची असेल तर प्रोकोफिएव्हने १९३६ साली मॉस्कोच्या बालरंगभूमीसाठी रचलेलं 'पीटर अँड द वुल्फ' घरीच ऐकवा. अर्ध्या तासाचं आहे. त्यात प्रत्येक पात्राला आपलं वाद्य आहे. पक्ष्याला बासरी, बदकाला ओबो, मांजराला क्लॅरिनेट, आजोबांना बॅसून, लांडग्याला तीन हॉर्न आणि पीटरला तंतुवाद्यं. दोनदा ऐकलं की मुलं डोळे मिटून वाद्य ओळखतात, आणि मग खऱ्या मैफिलीत ते वाद्य शोधत राहतात.

बाहुल्यांचा खेळ मिळाला तर सोडू नका. जपानच्या बुन्राकूमध्ये एका मुख्य बाहुलीला तिघेजण हलवतात आणि ते रंगमंचावर समोर दिसतात. तरी थोड्या वेळाने ते दिसेनासे होतात, फक्त बाहुली उरते. मोठ्यांना याचं नवल वाटतं, मुलांना वाटत नाही. ती रोज घरी हेच करतात. खेळ संपल्यावर पुढे जाऊन कलाकारांना विचारा, बाहुली जवळून पाहता येईल का? मी विचारलेल्या कुणीही आजवर नाही म्हटलेलं नाही.

मध्यंतरात निघावं लागलं तर निघा. अर्धा प्रयोग आनंदाने पाहिलेलं मूल पुढच्या वेळी यायला तयार असतं.

७. तिकीट नसलेली कला

एखादा पुतळा निवडा आणि वर्षभरात चार वेळा तिथे जा. सकाळी, संध्याकाळी, पावसात, उन्हात. सावली कुठे पडते, त्याच्या डोक्यावर कोण बसतं, पाठीमागून तो कसा दिसतो, त्याचे बूट कसे आहेत. कुणी बहुधा त्याची पाठ पाहिलेलीच नसते. दुसरा आमचा आवडता फेरफटका एका रस्त्याचा, ज्यात फक्त मान वर करून चालायचं. खिडक्यांच्या वरचे दगडी चेहरे, वेलबुट्ट्या, कोरलेली बांधकामाची सालं. मुलं वर्षांचे आकडे गोळा करतात आणि रस्त्यावरची सर्वांत जुनी इमारत कुठली ते ठरवतात. भिंतीवरची चित्रं, ग्रंथालयाचा घुमट, पुलाचे कठडे, हे सगळं आपल्याच करांतून उभं राहिलेलं असतं.

८. दुकानातून एक कार्ड

बाहेरची वाट दुकानातूनच काढलेली असते. "काही घ्यायचं नाही" असं म्हणून मुलांना त्यातून ओढत नेण्यात सहलीचा शेवट कडू होतो. आम्ही उलट करतो. शक्य असेल तिथे आधी दुकानात जातो. प्रत्येकाने एकच चित्रकार्ड घ्यायचं आणि मग आत जाऊन ते चित्र शोधायचं. कार्डात सगळंच तळहाताएवढं असतं. खरं चित्र भिंतीएवढं निघालं किंवा खरोखरच तळहाताएवढं निघालं, तरी मुलं थक्क होतात. खर्च ठरलेला राहतो, शोधायला काम मिळतं, आणि बाहेर पडताना "तुझं कार्ड आहे ना?" एवढं पुरतं. वर्षाअखेरीला घराच्या भिंतीवर त्याच कार्डांचं प्रदर्शन लागतं. प्रत्येकाखाली मुलांनी स्वतः लिहिलेली पाटी.

९. बिनसलं तर

बिनसणारच. एकदा ठरवलेलं दालन दुरुस्तीसाठी बंद निघालं आणि मुलीने पायऱ्यांवर बसून भोकाड पसरलं. तेव्हापासून दुसरी पसंतीही ठरवून निघतो. मूल धावायला लागलं, चिरचिर करायला लागलं, तर समजावण्यात वेळ घालवू नका. दहा मिनिटं बाहेर उघड्यावर न्या, पाणी द्या, धावू द्या. बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी परत आत घेतात, फक्त बाहेर पडण्याआधी दारावर विचारा. परत जायचं नसेल तर घरी या. दोन मुलांच्या वयात अंतर असेल आणि मोठी माणसं दोन असतील तर आत गेल्यावर वेगळं व्हा, आणि शेवटी एकमेकांना आपापली एक गोष्ट दाखवायला भेटा. आमच्याकडे ती बहुतेक वेळा होडीच असते.

१०. घरी आल्यावर

परतीच्या वाटेवर "काय काय पाहिलंस? काय शिकलास?" असं विचारू नका. सहलीची परीक्षा झाली की पुढची सहल नकोशी होते. दोन दिवस थांबा. आंघोळ करताना, जेवताना, झोपताना काहीतरी आपोआप बाहेर येतं. तेव्हा हातातलं काम ठेवून ऐका.

एक साधी वही ठेवा. प्रत्येक भेटीचं एक पान. तारीख, जागा, मुलाने काढलेला तो बूट किंवा ढग, झालेला खर्च, आणि शेवटची ओळ, 'पुढच्या वेळी'. ती ओळ मुलांनीच सांगायची. खर्चही त्यांना लिहू द्या. आठ-नऊ वर्षांची मुलं दोन-चार पानांनंतर स्वतःच सांगायला लागतात की बाहेर खाल्लं नसतं तर आणखी एकदा जाता आलं असतं.

आमच्या वहीत सध्याच्या शेवटच्या पानावर धाकट्याच्या अक्षरात लिहिलं आहे : 'होडीला वल्ही का नाहीत ते काकांना विचारायचं राहिलं. रविवारी सकाळी.'